मामेऱ्याचे दहा हजार

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरात राहतो. मी शाळेतून निवृत्त, हे बँकेतून. नऊ वर्षांपासून आमच्याकडे एक बाई झाडू-पोछा आणि भांड्यांना येतात. स्वभाव चांगला, घरातला चमचाही इकडचा तिकडे होत नाही. महिना १,८०० देतो, कॉलनीत तोच रेट आहे. रोज चहा देते, तिच्या कपात. दिवाळीला साडी.

गेल्या वर्षी तिचा नवरा पुताई (घरांचं रंगकाम) करताना शिडीवरून पडला, पाय मोडला. तेव्हा ५,००० उचल दिली, ती फेडली. मग मुलीच्या कॉलेजची फी म्हणून ४,००० दिले, तेही फिटले. आता १०,००० मागते आहे. कशासाठी, तर उज्जैनला नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, तिथे मामेरा, म्हणजे मामाकडचा आहेर, न्यायचाय! आमचे हे भडकलेच. म्हणाले, "यांच्या गरिबीचं कारण हेच. घरात दाणा नाही आणि साड्या वाटायला निघाले. हातात मोबाइल, भिंतीवर टीव्ही, नवरा पितो. वर कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं, फुकट धान्य आणि सरकारच्या लाडली बहना योजनेचे पैसे, मग हातपाय कोण हलवेल? माझे वडील पत्र्याची एक ट्रंक घेऊन या शहरात आले, वार लावून जेवले, शिकले. गरिबी मनात असते."

मुलगा पुण्याहून सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "बाबा, ही सिस्टिमची चूक आहे, आणि तुम्ही तिचा भाग आहात." ताटं तशीच राहिली.

बाई म्हणाल्या, "नाही जमलं तर राहू द्या भाभी, डायरीवाल्याकडून घेईन." त्यांचे सासरे मिलमध्ये होते, मिल बंद पडली तेव्हापासून या घराचं असंच चाललंय. ती नणंद मात्र बरी असावी. पाय मोडला होता तेव्हा दोन महिने गहू आणि तेल तिनंच पाठवलं म्हणे.

मी काय करू?

एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर

द्या. दहाच्या दहा हजार द्या, आणि तोंड वाकडं न करता द्या. आधी हे सांगून टाकते, कारण लग्नाची तारीख काही आपल्या चर्चेसाठी थांबणार नाही.

आता का, ते. तुमच्या मिस्टरांनी एका दमात सहा-सात गोष्टी म्हटल्या आहेत. त्यांतली एक थोडी खरी आहे, बाकीच्या आपण सगळेच वर्षानुवर्षं म्हणत आलो आहोत. मीही म्हणायचे.

डायरीपासून सुरू करू. इंदूरबाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल म्हणून सांगते. माझ्या ओळखीच्या एका बाईंची डायरी मी हातात घेऊन पाहिली आहे. लाल पुठ्ठ्याची, खिशात मावेल एवढी. कर्ज १०,००० चं, पण हातात आले ९,०००, कारण हजार रुपये 'खर्चा' म्हणून आधीच कापले. मग रोज संध्याकाळी मोटरसायकलवर एक पोरगा यायचा, १०० रुपये घ्यायचा आणि एका चौकोनात सही करायचा. असे १२० चौकोन. म्हणजे ९,००० घेतले आणि १२,००० दिले. "चार महिन्यांत तीन हजार जास्त, चालायचंच" असं वाटतं. पण रोज मुद्दलही थोडं थोडं परत जात असतं, हे धरून मांडलं तर व्याज पडतं दिवसाला अर्धा टक्का. वर्षाचे १८० टक्क्यांच्या आसपास. तुमच्या मिस्टरांना कागद-पेन्सिल द्या, बँकेतल्या माणसाला हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. आणि मग त्यांनाच विचारा, त्यांना स्वतःला गाडीसाठी किती टक्क्यांनी कर्ज मिळालं होतं.

ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला पैसा महाग पडतो. पैसाच कशाला, सगळंच महाग पडतं. आपण तेलाचा पंधरा लिटरचा डबा आणतो, त्या पाव किलोची थैली आणतात, आणि पावाच्या हिशेबाने किलो कधीही महागच. आपल्या घरी वीज मंडळाचं मीटर आहे. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्यांना घरमालक सब-मीटर लावून देतो आणि युनिटचा भाव स्वतः ठरवतो. गहू आपण हंगामात वर्षाचा भरतो, कारण एकदम वीस हजार काढता येतात आणि कोठी ठेवायला जागा असते. हे सगळं उधळपट्टीत कुठे बसवायचं ते मला कळत नाही.

माझी एक गोष्ट सांगते, फुशारकीची नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडे काम करणाऱ्या बाईंना मी एका रविवारी समोर बसवलं आणि वहीत त्यांचं 'बजेट' आखून दिलं. मिळकत इतकी, किराणा इतका, भाडं इतकं, आणि महिन्याला ७०० रुपये शिल्लक टाकायचे. रेघा मारून, लाल पेनाने. मला तेव्हा वाटलं, मी मोठं काम केलं. बाईंनी वही नीट पाहिली. त्यांना आकडे वाचता यायचे. मग म्हणाल्या, "दीदी, इसमें बरसात कहाँ है?"

त्यांचा नवरा बेलदारी, म्हणजे बांधकामावर मजुरी, करायचा. पावसाळ्याचे तीन-साडेतीन महिने काम नाही. माझ्या बजेटमध्ये बारा महिने सारखे होते, कारण माझ्या आयुष्यात बारा महिने सारखे होते. पगार एक तारखेला यायचाच. त्यांचं सगळं आयुष्य त्या साडेतीन महिन्यांभोवती फिरत होतं आणि मी त्यांना बचत शिकवत होते. ती वही मी नंतर पुष्कळ दिवस कपाटात मागे सरकवून ठेवली होती.

तुमच्या बाईंचा नवराही पुताईचा. त्याचीही बरसात आहेच. आणि शिडीवरून पडला तो कामावर असताना पडला. कामावर जखमी झालेल्या मजुराला भरपाई मिळावी असा कायदा या देशात १९२३ सालापासून आहे. शंभर वर्षं उलटून गेली. ठेकेदाराने काय दिलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. काही दिलं नसावं, नाहीतर बाईंना तुमच्याकडे पाच हजार मागावे लागले नसते. कदाचित ऑपरेशन आयुष्मानच्या कार्डावर फुकट झालं असेल. २०१८ पासून ही सोय आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि ती चांगली आहे, मी नावं ठेवणार नाही. पण कार्डावर भरती होता येतं, तीन महिन्यांची बुडालेली दिहाडी, म्हणजे रोजची मजुरी, त्यावर मिळत नाही. तुमचे मिस्टर बँकेत असताना पडले असते तर भरपगारी मेडिकल रजा मिळाली असती. पाय तोच, हाड तेच.

आता मामेरा. तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. नणंदेनं दोन महिने गहू आणि तेल पाठवलं.

ताई, तोच त्यांचा विमा. भावाने बहिणीच्या मुलीच्या लग्नात मामेरा नेला, की बहीण भावाच्या अडचणीत उभी राहते. माळव्यात हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आपण एलआयसीचा हप्ता भरतो तेव्हा "काय ही उधळपट्टी" असं कोणी म्हणत नाही. बाईंचा हप्ता साडी, पातेलं आणि रोख अकराशे अशा रूपात जातो, चार लोकांसमोर जातो, म्हणून तो डोळ्यांत येतो. हा हप्ता चुकवला तर पॉलिसी बंद पडते. पुढच्या वेळी पाय मोडला तर उज्जैनहून गहू येणार नाही. बाईंना हे नेमकं माहीत आहे, म्हणून त्या १८० टक्क्यांनीसुद्धा घ्यायला तयार आहेत.

पण मी म्हटलं होतं की मिस्टरांची एक गोष्ट थोडी खरी आहे, ती हीच. अनिरुद्ध कृष्ण नावाचे अभ्यासक राजस्थान, गुजरात, आंध्र इथल्या खेड्यांत फिरले. त्यांनी लोकांनाच विचारलं, की पंचवीस वर्षांपूर्वी गावातलं कोणतं घर बऱ्यापैकी होतं, आज कोणतं खाली गेलं, आणि का. कारणांत सगळ्यांत वर आलं आजारपण आणि औषधपाणी. मग सावकारी व्याज. आणि त्याच यादीत लग्न आणि दिवसपाण्याचे खर्चही होते. तेव्हा लग्नाचा खर्च माणसाला खड्ड्यात घालतो हे खोटं नाही. त्याच अभ्यासात आळस आणि दारू यांनी बुडालेली घरंही निघाली, पण इतकी थोडी की मोजदादीत नावालाच. आपण मात्र तोंड उघडलं की पहिल्यांदा ती दोनच कारणं सांगतो.

बाईंनी मामेरा दहाऐवजी सहा हजारांत भागवावा असं वाटत असेल तर तेही तुम्ही ठरवायचं नाही. तुमच्या घरच्या लग्नात मानपानाच्या याद्या कोणी केल्या होत्या, आठवून पाहा. मी आमच्या घरच्या आठवल्या आणि गप्प बसले.

नवरा पितो. हो, पीत असेल. पुष्कळ नवरे पितात, आणि बाईंना त्याचा त्रास होत असेल, ते मी झाकणार नाही. पण "पैसे हातात आले की दारूतच जातात" हे जे आपण ठामपणे म्हणतो, ते तपासून पाहिलं गेलं आहे, आणि तेही इथेच, इंदूरच्या आसपासच्या गावांत. २०११-१२ मध्ये 'सेवा' या संस्थेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत एक प्रयोग केला. गावातल्या प्रत्येकाला दरमहा रोख रक्कम, मोठ्यांना २०० आणि लहान मुलांना १००, पुढे ३०० आणि १५०. कसलीही अट नाही. शेजारच्या, पैसे न मिळालेल्या गावांशी तुलना केली. दारूवरचा खर्च वाढला नव्हता. जेवणात डाळ-भाजी वाढली, औषधं वेळेवर घेतली जाऊ लागली, पोरं शाळेत जास्त दिसू लागली, काहींनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या, काहींनी जुनं कर्ज फेडलं. सगळं गुळगुळीत झालं असं नाही, पण आपली भीती तरी खरी ठरली नाही. आणि खरं सांगायचं तर दारू आपल्या कॉलनीतही येते, फक्त गाडीच्या डिकीतून येते.

फुकटच्या धान्याचं बघू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिन्याला ५ किलो. भागाकार करा, दिवसाला १६७ ग्रॅम. म्हणजे पाच-सहा पोळ्यांची कणीक. डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही, गॅस नाही. एवढ्यावर कोणी हातपाय हलवणं सोडून देईल असं तुम्हाला स्वयंपाकघरात रोज उभं राहूनही वाटतं का? तुमच्या मिस्टरांना वाटत असेल तर आठवडाभर कणीक त्यांनी मळावी.

आणि तेही धान्य चालत घरी येत नाही. कंट्रोलच्या दुकानात मशीनवर अंगठा लावावा लागतो. रोज पाच घरची भांडी राख-पावडरने घासणाऱ्या बाईचा अंगठा कधी जवळून पाहिलाय? मी पाहिला. रेषाच नाहीत. आमच्या बाईंचा अंगठा मशीन घ्यायचं नाही, लाल दिवा लागायचा. दुकानदार म्हणायचा, "हात पुसून लावा." मग खोबरेल चोळून, मग दुसरं बोट, मग "सर्वर डाउन, उद्या या". तो उद्याचा दिवस म्हणजे तुमच्या-माझ्याकडचा खाडा. आपण कॅलेंडरवर गोल करतो आणि म्हणतो, यांना कामाची किंमत नाही. माझ्याही कॅलेंडरवर असे गोल होते.

मोबाइलचंही तेच. त्या रेशनकार्डाचं ई-केवायसी, लाडली बहनाचा ओटीपी, मुलीच्या कॉलेजचा फॉर्म, आणि तुमचा "आज जरा लवकर या, पाहुणे आहेत" असा मेसेज, हे सगळं कशावर येतं? फोन ही आता चैन राहिलेली नाही, सरकारनेच ती गरज करून ठेवली आहे. लाडली बहना २०२३ च्या जूनमध्ये महिना १,००० नी सुरू झाली, ऑक्टोबरात १,२५० झाले, पुढेही वाढले. निवडणुकीचं गणित त्यात आहे, मला दिसतं. पण ज्या बाईच्या नावावर कधी बँकेचं खातं हललं नव्हतं तिच्या खात्यात दरमहा काही येतं, हे मला वाईट वाटत नाही. तुमच्या मिस्टरांच्या पेन्शनवर दर सहा महिन्यांनी महागाई भत्ता बदलतो, आणि तो आळस आणतो असं मी अजून कोणाकडून ऐकलेलं नाही.

आता ट्रंक. इथे मला जपून लिहायला हवं, कारण तुमच्या सासऱ्यांबद्दल मला आदर आहे. माझ्याही आजोबांची अशीच ट्रंक होती. आपल्या इंदुरी मराठी घरांत ट्रंक नसलेला आजोबा सापडणं कठीण.

पण वार म्हणजे काय, ते एकदा नीट बघू. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार लागले की विद्यार्थ्याचं पोट भरायचं. ती सात घरं त्या मुलाला ओळखत नसत. पण त्याचं आडनाव, त्याचा गाव, त्याच्या मुंजीचा पुरावा ओळखत. दार त्यावर उघडायचं. त्याच शहरात त्याच काळात मिलच्या चाळीतला एखादा हुशार मुलगा त्याच दारात "माझा वार लावा" म्हणून उभा राहिला असता, तर त्याला ओसरीच्या आत घेतलं असतं का? तुमच्या सासऱ्यांनी कष्ट केले, रात्री जागले, यात शंका नाही. पण ट्रंक दिसते, सात घरं दिसत नाहीत. घरात आधीपासून अक्षरओळख होती, ओळखीतून अर्ज कुठे करायचा ते कळलं, नोकरी लागली ती कायमची. पेन्शनची. हे सगळं त्या ट्रंकेतच होतं, फक्त वजन जाणवलं नाही.

आपल्या महूत जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लिहून ठेवलंय, की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. तुम्ही पत्रात 'तिच्या कपात' असं लिहिलंत. मुद्दाम नाही लिहिलंत, सहज आलं. म्हणूनच माझं लक्ष गेलं.

आणि दुसऱ्या बाजूला बाईंचे सासरे. तेही काम करतच होते, पाळ्यांत, कापसाच्या धुळीत. कोणती मिल ते तुम्ही लिहिलेलं नाही. हुकुमचंद मिलचं तर सगळ्यांना माहीत आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली आणि कामगारांची देणी अडकली. कोर्ट, लिक्विडेटर, मिलच्या जमिनीचा वाद. मजूर दर रविवारी मिलच्या गेटशी जमायचे आणि हळूहळू कमी होत जायचे, कारण म्हातारी माणसं मरतात. शेवटी २५ डिसेंबर २०२३ ला सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला. तीसहून जास्त वर्षांनी. अनेक घरांत तो पैसा विधवांच्या नाहीतर नातवंडांच्या हाती आला.

त्या तीसहून जास्त वर्षांत काय काय झालं असेल ते मांडून पाहा. ज्याचा बाप मिलमध्ये पक्का कामगार होता, त्याचा मुलगा शाळा सोडून पुताईला लागला. पक्की नोकरी गेली आणि दिहाडी आली. चाळ गेली, भाड्याची खोली आली. ग्रॅच्युइटी वेळेवर मिळाली असती तर त्या मुलाने कदाचित आयटीआय केलं असतं. मिल मजुरांच्या आळसाने बंद पडली नाही. यंत्रं जुनी झाली, मालकांनी पैसा दुसरीकडे वळवला, कापडाचा धंदा पॉवरलूमकडे गेला, सरकारांनी हात वर केले. या सगळ्यात तुमच्या बाईंच्या सासऱ्यांचं मन गरीब होतं की श्रीमंत, याचा काय संबंध? अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, अजून निघतात, आपण रात्रभर जागून बघतो. झांकी काढणाऱ्यांची देणी अडकली आहेत हे आपल्याला ठाऊक असायचं, तरी झांकी छान झाली म्हणून आपण सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन भुट्ट्याचा कीस खायचो. मीही खाल्ला आहे.

आता तुमच्या चिरंजीवांकडे वळते. तो बरोबर आहे, पण त्याचं बरोबर असणं फुकट चाललंय. 'सिस्टिम' म्हणून तो जे म्हणतो ते भोपाळ-दिल्लीत आहे असं त्याला वाटतं. ते तुमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्येही आहे. "कॉलनीत तोच रेट आहे" असं तुम्ही लिहिलंत. हा रेट कोणी ठरवला? आमच्या कॉलनीत कसा ठरतो ते मी पाहिलंय. कोणी नवीन बाई लावली आणि दोनशे जास्त दिले, की दुपारी मेसेज येतो, "प्लीज जास्त देऊ नका, रेट बिघडतो." खाली पंधरा अंगठे. बाजारात व्यापाऱ्यांनी असं साटंलोटं केलं तर आपण त्याला लूट म्हणतो.

बाई पाच घरं करतात असं धरू. पाचही घरांनी ३०० वाढवले तर महिन्याला १,५०० होतात, सात महिन्यांत मामेरा निघतो आणि तुम्हाला पत्र लिहायला लागत नाही. पण त्या पाच बायका एकत्र येतात त्या रेट धरून ठेवायला. बाईंना एकत्र यायला जागाही नाही आणि वेळही नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. घरकामगारांना कामगार म्हणून हक्क देणारा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली झाला, त्यावर आपल्या देशाने अजून मोहोर उमटवलेली नाही. आपल्याकडे बाईचा पगार, सुट्टी, म्हातारपण, सगळं वहिनींच्या स्वभावावर. तुमचा स्वभाव चांगला आहे. पण नऊ वर्षं एखाद्याच्या चांगल्या स्वभावावर काढायची म्हणजे मनावर केवढं ओझं, ते तुम्ही शाळेत कायम नोकरी केलेल्या आहात म्हणून कदाचित जाणवणार नाही.

चिरंजीवांना सांगा, पुढच्या सुट्टीत आला की त्या ग्रुपवर पहिला मेसेज त्याने टाकावा: आम्ही या महिन्यापासून २,३०० देतो आहोत, आणि महिन्याला चार सुट्ट्या भरपगारी. आईला पुढे करू नये. आणि जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासावं. शोषणाबद्दल बोलणारी मुलं ताट मोरीत सोडून उठली की माझा संताप होतो, पण तो या सदराचा विषय नाही.

उचलीचं एवढंच. महिन्याला ५०० च्या वर कापू नका, आणि पगार आधी वाढवा, मग कापा, म्हणजे हातात येणारी रक्कम कमी होणार नाही. वीस हप्त्यांत फिटेल. वहीत दोघींनी सही करा, एक प्रत त्यांच्याकडे. दिवाळीच्या महिन्यात कापू नका. मधे पुन्हा अडचण आली तर नवीन उचल मागायला लाजू नका, असं आधीच सांगून ठेवा. पैशांचं काय केलं हे विचारू नका. मिस्टरांनी विचारलं तर त्यांना ती डायरीची आकडेमोड दाखवा. मिस्टर वाईट आहेत असं मला मुळीच वाटत नाही. हिशेबात पक्क्या माणसाला चुकीचे आकडे दिले गेले आहेत, एवढंच. त्यांना बाईंची मदतही करता येईल. बँकेत झिरो बॅलन्सचं खातं असेल तर त्यात छोटी आरडी कशी काढायची, मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठे भरायचा, अंगठा लागत नसेल तर कंट्रोलमध्ये ओटीपीवर धान्य मिळतं का, ही चौकशी निवृत्त बँकवाल्याने करावी. दुकानदार बाईंना "उद्या या" म्हणतो, मिस्टरांना बहुधा खुर्ची देईल.

पैसे लग्नाच्या आठ दिवस आधी द्या, कारण मामेऱ्याच्या साड्या आणि भांडी आधी घ्यावी लागतात आणि घाईत गेलं की दुकानदार भाव वाढवून सांगतो. पाकिटात घालून द्या, शेजारच्या काकू बसलेल्या असताना नको. आणि उज्जैनला दोन-तीन दिवस लागतील. ते खाडे म्हणून धरू नका.